लोकवस्ती: निरंक

छोट्या विमानाला उतरायला तीनशे पावलं सरळ, कोरडी, झाडं नसलेली जमीन लागते. हे मी कुठल्या विमानतळावर शिकलो नाही. चंद्रपूरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, रविवारच्या दुपारी, कूलरसमोर लुंगीवर बसून शिकलो. विमानात मी आजवर बसलेलो नाही. तरी त्या तीनशे पावलांपायी माझा एक मित्र मरता मरता वाचला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण त्यात मी काही चांगला दिसत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका सरकारी ऑफिसात ट्रेसर होतो. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढायचे आणि मी तो पारदर्शक कागदावर काळ्या शाईनं उतरवायचो. मग त्याच्या अमोनियाच्या प्रिंट निघायच्या आणि त्या वासानं दिवसभर डोळे चुरचुरायचे. माझं अक्षर देखणं होतं, हे मी अजूनही छाती फुगवून सांगतो. दुसऱ्याच्या रेघा गिरवण्यात उमेदीची वर्षं चालली होती आणि त्याचा मला मनातून फार राग होता.

खेळ आणला मास्तरनं. तो समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचा, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असायचं. नागपूरच्या फुटपाथवरून त्यानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचललं होतं. कव्हर फाटलेलं, आत बंदुकांची चित्रं. त्याला वाटलं, युद्धाचा इतिहास असेल. घरी येऊन वाचतो तर तो खेळ निघाला. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण खेळवणारा असतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक माणूस होतात आणि ‘मी आता असं करतो’ म्हणतात. ते जमलं की फसलं, हे फासे सांगतात. गोष्ट अशी की मोठं युद्ध होऊन जग बुडालंय. शहरं जळाली, सरकार उरलं नाही, पेट्रोल संपलं. मागे राहिलेले चार सैनिक कसेबसे जगतायत.

पुस्तकातलं युद्ध युरोपात होतं. तिथल्या नद्यांची नावं घेताना आमची जीभ अडखळायची. मग मी खेळवणारा झालो आणि सगळी गोष्ट उचलून आपल्या दोन जिल्ह्यांत आणली. चंद्रपूरच्या परकोटाचे दरवाजे बंद. वीज केंद्राच्या चिमण्या थंड. कुरखेड्याचा धान ज्याच्या हातात, तो राजा. मोटारींना पेट्रोल नाही म्हणून पुस्तकात दारू गाळून ती इंजिनात घालायची सोय होती. ती वाचल्यावर आम्ही चौघंही खदखदून हसलो. मोहाची पहिल्या धारेची आमच्याकडे काय कमी होती! जग बुडाल्यावर माणसं कशी जगतील, हे पुस्तकात पानंच्या पानं लिहिलेलं होतं. फुलं वेचून, मासे धरून, कंद उकरून. आमच्या भागातली कितीतरी माणसं तेव्हाही तशीच जगत होती आणि त्यांचं जग मुळीच बुडालेलं नव्हतं. पण ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, काय मस्त जुळतंय.

आमच्यात एक बँकेतला कॅशियर होता. तो या गोष्टीत पुढे फारसा येत नाही. आणि होता डाक्टर. तो काही खरा डॉक्टर नव्हता. अहेरीकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात तो कामाला होता, गावोगाव सायकलनं फिरून ढोरांना लस टोचायचा. त्याच्या पदाचं नाव लांबलचक होतं. गावांत त्याला डाक्टर म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. वैनगंगेकाठच्या मासे धरणाऱ्या घरातला, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. आई चंद्रपुरात असल्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा यायचा आणि रविवारी आमच्यात बसायचा.

खेळात आम्हाला विमान सापडलं आणि डाक्टर बदलला. दोन माणसांचं, एका पंख्याचं, फटफटीसारखं आवाज करणारं विमान. पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं. तासाला किती इंधन, दारूवर चालवलं तर किती जास्त, ओल्या जमिनीवर उतरलं तर कोणता फासा टाकायचा, खालून गोळी लागली तर काय काय मोडतं. असल्या विमानानं लढाई करता येत नाही. त्याचा उपयोग एकच, वरून बघायचं. जे खालच्याला दिसत नाही ते तुम्हाला दिसतं. डाक्टर वैमानिक झाला. दिवसाकाठी तीस किलोमीटर सायकल मारणारा तो माणूस माझ्या खोलीत डोळे मिटून उडायचा. कूलर बंद करू द्यायचा नाही. म्हणायचा, इंजिन हाय ते.

“सांग, वरून काय दिसून राह्यलं?” तो विचारायचा. मी सांगायचो, उजवीकडे प्राणहिता, पुढे जंगल, जंगलात एक तलाव. की लगेच त्याचे डोळे उघडायचे.

“तलाव नाई तो, बोडी हाय, धानाले पानी देते ती. आन् बोडीच्या पाळीवर येनाची दोन झाडं हायेत.”

तो सगळा भाग त्याला पाठ होता. मी ऑफिसच्या नकाशांवर पाहिलेलं सांगायचो आणि तो पायाखालचं सांगायचा. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा, थोडा रागही यायचा. खेळवणारा मी होतो ना.

मग झालं असं की खेळातला मास्तर अहेरीपलीकडे जखमी होऊन पडला. मांडीत गोळी, अंगात ताप. विमानानं आणलं तरच जगणार. आणि तिकडे विमान उतरवायला जागा नाही, सगळं घनदाट जंगल. मी डाक्टरला म्हटलं, “तू तिकडेच फिरतोस. एखादी मोकळी जागा बघून ये. अंदाजे नको, पावलं मोजून ये.”

तो मोजून आला. त्याला सांगितलेलं काम तो नेकीनं करायचा, मग ते बैलाला टोचणं असो की असला खुळेपणा. अहेरीपासून पुढे आत एक गाव होतं; त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. गावाच्या कडेला आखर होता, म्हणजे सकाळी चरायला निघण्याआधी गावाची गुरं जिथे गोळा होतात ती जागा. तिथेच तो वर्षातून दोनदा लस टोचायचा. धान निघून गेलेला होता, जमीन टणक होती. डाक्टरनं भर दुपारी, आखरावर, सगळ्या गावादेखत या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजली आणि वहीत आकडा लिहिला. एकशे साठ.

“एकशे साठात नाही उतरत,” मास्तर पुस्तकावर बोट ठेवून म्हणाला. “तीनशे पाहिजे.”

“त्याच्या पुढं घरं हायेत,” डाक्टर म्हणाला.

मी क्षणभर विचार केला असेन. फार नाही. म्हटलं, “घरं नाहीत. युद्धात गाव जळालं. आता तीनशे होतात.”

“गाव हाय ना गा तिथी,” डाक्टर म्हणाला.

“अरे, खेळात नाही. खरं कोण जाळतंय? मास्तरला वाचवायचं की नाही?”

त्यानं वही मिटली. मास्तर वाचायला हवा होता. खरा मास्तर समोर चिवडा खात बसला होता.

त्या आठवड्यात मी नकाशा काढला. माझ्या आयुष्यातला तो पहिला नकाशा जो दुसऱ्या कुणाचा नव्हता. जीव ओतला मी त्यात. ऑफिसचाच कागद, ऑफिसचीच शाई, उत्तरेचा बाण, खाली मोजपट्टी. हाताला लागलेली सवय जात नाही; उजव्या कोपऱ्यात मी नेहमीचा चौकोन पाडला. काढणार, तपासणार, मंजूर. ‘मंजूर’समोर मास्तरनं गंमत म्हणून वळणदार सही ठोकून दिली. आणि त्या गावाच्या जागी, आखरापासून सरळ घरांवरून जाणारी दुहेरी रेघ मारून मी माझ्या देखण्या अक्षरात लिहिलं: ‘प्रस्तावित धावपट्टी. इंधन: मोह, उपलब्ध. लोकवस्ती: निरंक.’

निरंक हा आमच्या ऑफिसचा लाडका शब्द. महिन्याच्या तक्त्यात जिथे लिहायला काही नसेल तिथे रकाना कोरा सोडायचा नाही, निरंक लिहायचं. दिवसातून वीस वेळा लिहायचो मी तो. हाताला काही वाटायचं नाही.

एक प्रिंट डाक्टरला दिली, वैमानिकाकडे नकाशा हवा म्हणून. त्यानं ती घडी करून लसीच्या रजिस्टरात ठेवली.

चैत्र लागला होता. एके दिवशी सकाळी ऑफिसात माझ्या नावानं फोन आला. अहेरीच्या एका एसटीडीवाल्याचा. त्याला निरोप तेवढा पोचवायचा होता.

“डाक्टरले गावानं बसवून ठेवलं हाय. दोन दिवस झाले. त्याच्या रजिस्टरातून कागद पडला म्हनते. कागद काढनाऱ्याले घेऊन या म्हनते गाव. लवकर या भाऊ. उशीर कराचं काम नाई हे.”

मी रिसीव्हर ठेवला. त्या भागात त्या वर्षांत ‘उशीर करायचं काम नाही’ याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नसे. एका बाजूला जंगलातले बंदूकवाले, ज्यांना तिकडे नुसतं ‘आतले’ म्हणत, दुसऱ्या बाजूला पोलीस आणि मधे गावं. कुणाची खबर कुणाला दिली, एवढ्या नुसत्या संशयावर माणूस सकाळी रस्त्यावर पडलेला सापडायचा. आणि डाक्टरनं काय केलं होतं? गावाची जागा पावलांनी मोजली होती, वहीत लिहिली होती, आणि सरकारी कागदावर विमान उतरवायची मंजुरी घेऊन तो गावात फिरत होता. हे त्यानं केलं नव्हतं. मी केलं होतं.

मास्तरला म्हटलं, चल. त्याचे प्रॅक्टिकलचे पेपर होते. एरवी प्रत्येक गोष्टीवर मत असलेला तो माणूस खाली बघत म्हणाला, “तू जा. कागद तुझा आहे.” सही त्याची होती, हे मी त्याला बोललो नाही. मी पुस्तक आणि फासे पिशवीत टाकले, हा खेळ आहे हे दाखवायला, आणि अहेरीची एसटी धरली.

आष्टीचा पूल ओलांडला. आलापल्लीच्या अलीकडे बस थांबवून तपासणी झाली. एका शिपायानं पुस्तक उघडलं. नशिबानं निघालं ते इंधनाच्या तक्त्याचं पान. “काय हाय?” त्यानं विचारलं. “डिपार्टमेंटची परीक्षा,” मी म्हणालो. “आन् हे?” “लेकरांचे फासे.” तो पुढे गेला. खोटं इतक्या सहज निघालं की मीच चकित झालो. पुढे गावात मला खरं सांगायचं होतं आणि ते कसं सांगावं हे काही केल्या सुचेना.

अहेरीहून एसटीडीवाल्याच्या फटफटीवर बसून गावात पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. मोहाचा हंगाम; घराघरांसमोर फुलं वाळत घातलेली आणि सगळ्या गावाला त्यांचा गोडसर, जड वास. गावाची बैठक ज्या घरात भरते त्या गोटुलात सगळी माणसं जमली होती. डाक्टर एका खाटेवर बसलेला. त्याला कुणी हात लावला नव्हता. जेवायला दिलं होतं, पाणी ठेवलं होतं. सायकल तेवढी खांबाला बांधून टाकली होती. मला बघून तो नुसतं “आला का?” म्हणाला.

समोर गावाचा वडीलधारा माणूस बसला होता. पांढरी मिशी, गुडघ्यापर्यंत धोतर, आवाज अगदी हलका. मी “जोहार भाऊ” म्हटलं. त्यानं जोहार घेतला आणि माझा नकाशा जमिनीवर पसरला. कोपऱ्यांवर त्यानं चार खडे ठेवले. शेजारी अंगणवाडीची बाई होती. गावात वाचता येणारी तीच.

“हे तू काढलं?”

“हो.”

“कायचं हाय?”

“खेळाचं आहे भाऊ. खोटं आहे सगळं. आम्ही चार मित्र मिळून खेळतो.”

“मंजूर झालं म्हनते ही बाई.”

“ती माझ्या शेजाऱ्याची सही आहे. गंमत म्हणून केली.”

कुणी हसलं नाही. म्हातारा हळूच म्हणाला, “हे पाय बाबू. उद्या आतले येतीन. त्यायच्या कानावर गेलं हाय. ते इचारतीन, हा मानूस कसा हाय. आमाले आजच ठरवा लागते. आमी म्हनलं चांगला, तं सुटला. आमी म्हनलं खबऱ्या, तं मंग आमच्या हातात नाई.”

मी पुस्तक उघडलं, फासे काढले आणि बोलत सुटलो. मोठं युद्ध झालं असं धरायचं, शहरं बुडाली असं धरायचं, आम्ही सैनिक आहोत असं धरायचं. ‘धरायचं, धरायचं’ म्हणताना माझं मलाच ते वेडगळ वाटायला लागलं. अंगणवाडीची बाई माझ्या मदतीला आली.

“दंडारीत सोंग घेतेत, तसं काय जी?”

“हो बाई! तसंच. अगदी तसंच.”

तिनं ते गोंडीत सगळ्यांना सांगितलं. माणसं थोडी सैलावली. दंडार, म्हणजे तिकडचं रात्रभर चालणारं नाचगाण्याचं नाटक, सगळ्यांनी पाहिलेली होती. मला वाटलं, सुटलो. मग मागून एक जण म्हणाला, “सोंगाले नाचा लागते. गाव मोजाले काऊन लागते?”

मी विमानाला तीनशे पावलं लागतात वगैरे सांगू लागलो आणि तेवढ्यात म्हाताऱ्याचं बोट नकाशावर फिरायला लागलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण नकाशा त्यानं बरोबर लावला होता. ही नदी. ही बोडी. हा आखर. मग ते बोट दुहेरी रेघेवर आलं आणि थांबलं.

“हे काय लिवलं हाय?”

“लोकवस्ती निरंक,” बाईनं वाचलं.

“निरंक म्हंजे?”

बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला तो शब्द ठाऊक होता, तिच्याही रजिस्टरात तो असणारच. पण ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे सांगायचं मी होतं.

“निरंक म्हणजे... काही नाही. कुणी नाही.”

ती ते गोंडीत बोलली. “नार हिल्ले.” गाव नाही.

“आमी हावो ना इथी,” म्हातारा म्हणाला.

“खेळात असं धरलंय भाऊ, की गाव जळालं.”

“कोनं जाळलं?”

“युद्धात.”

“आन् आमी कुठी गेलो?”

मास्तरच्या मांडीतली गोळी किती खोल गेली, ते मी फासे टाकून ठरवलं होतं. विमानात दारू किती शेर उरली, तेही ठरवलं होतं. समोर ही साठ-सत्तर माणसं बसलेली, बायांच्या ओच्यात अजून मोहफुलं. आणि ही सगळी कुठे गेली हे मी ठरवलंच नव्हतं.

“ते ठरवलं नव्हतं,” मी म्हणालो. त्या दिवसभरात मी बोललेलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं.

मागे बसलेली एक म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली. बाईनं त्याचं मराठी केलं नाही. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं, आणि मित्रासाठी आलेल्या माणसाला असं वाटू नये हेही कळत होतं.

म्हाताऱ्यानं नकाशावरचे खडे उचलले. मग आजूबाजूच्या दोघा-तिघांशी बोलला. मग डाक्टरकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाला:

“खबऱ्या असता, तं घरं लिवली असती. कोनाचं घर, कोन येते, कोन जेवते. खबऱ्याले घर लागते. यायच्या कागदात तं आमी नाईच. ज्यानं गाव पाह्यलंच नाई, तो गावाची खबर कोनाले देईन? सोडा यायले.”

कुणीतरी सायकलची दोरी सोडायला उठलं. मी पुस्तक आणि फासे पिशवीत भरले. आणि तेव्हा डाक्टर उभा राहिला.

“भाऊ, असं नाई,” तो म्हणाला. “मी तं समदी घरं...”

मी त्याचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की माझी बोटं दुखली. त्याला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं. सगळी घरं मला माहीत आहेत. कोणाच्या गोठ्यात कोणता बैल, कोणाची गाय गाभण, कोणाच्या सुनेनं मला ताक दिलं, सगळं मला माहीत आहे. मी पाहिलंय तुम्हाला. तो ते बोलला असता तर म्हाताऱ्यानं जुळवलेलं सगळं मोडलं असतं. मी हात सोडला नाही. डाक्टर एकदा माझ्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघून खाली बसला. म्हाताऱ्यानं नकाशाची नीट घडी घातली आणि चुलीत घालायला बाईच्या हातात दिली.

मी त्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर चंद्रपूरला, महिनाभर रजा टाक. तो म्हणाला, “तू जा. मले इथीच काम हाय.” मी गेलो. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि मला झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी आतले लोक आले, गावानं सांगायचं ते सांगितलं आणि डाक्टरच्या केसालाही धक्का लागला नाही. मी मास्तरला आणि कॅशियरला ही हकीकत रंगवून सांगितली. रविवारचा खेळ तेवढा थांबला; कुणी बंद केला नाही, पण कुणी पुस्तकही उघडलं नाही.

डाक्टर त्यानंतर थेट दिवाळीला भेटला. खांद्याची हाडं वर आलेली. माझ्या खोलीत बसला, कूलर गुंडाळून ठेवलेला होता. त्यानं मृगाच्या आधीचं सांगितलं. घटसर्पाची लस घेऊन तो त्या गावात गेला. आखरावर सकाळपासून बर्फाचा डबा घेऊन बसला. गुरं समोरून चरायला गेली, एकही जनावर कुणी थांबवलं नाही. कुणी रागावलं नाही, शिवी दिली नाही. दुपारी म्हातारा आला, शेजारी बसला, तंबाखू दिली आणि म्हणाला, “गाव नाई म्हनून तं तू सुटला डाक्टर. आता ढोरं कोनाची टोचतेस?”

श्रावणात घटसर्प आला. एकेका गोठ्यात बैलांचे गळे सुजले, जनावरं घुसमटून पडली. डाक्टर न बोलावता गेला, जी तगण्यासारखी होती त्यांना टोचत बसला; बहुतेकांचा वेळ निघून गेला होता. म्हाताऱ्याचे दोन्ही बैल त्याच्या हाताखाली गेले. त्या वर्षी त्या गावात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, अर्धीच झाली. आता त्यानं कुरखेड्याकडे बदली मागितली होती आणि ती मिळाली होती.

हे सगळं त्यानं सावकाश सांगितलं. समोरचा फराळ तसाच होता. मग त्यानं विचारलं, “त्या दिवशी माहा हात काऊन धरला तू?”

“जीव वाचवायला,” मी म्हणालो.

“कोनाचा?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “तुझाच, आणखी कोणाचा?” आणि त्याच्यापुढे ताटली सरकवली. आईला दवाखान्यात न्यायचं आहे म्हणून तो उठून गेला. पुन्हा तो माझ्याकडे आला नाही.

खरं मला तेव्हाही ठाऊक होतं. तो उभा राहिला तेव्हा मला त्याचा जीव आठवला नव्हता. संध्याकाळची शेवटची एसटी आठवली होती. हा बोलला तर आपणही इथेच अडकू, एवढंच मनात आलं होतं, आणि त्या भीतीनं माझी बोटं त्याच्या मनगटावर आवळली होती. हे मी त्याला सांगितलं नाही.